हाफकिन, लोणावळ्यातली लस आणि 'निगेटिव्ह' रिपोर्टमागचा छुपा हिपॅटायटिस बी

लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण त्यात एकच शब्द शोधतात: निगेटिव्ह. तो दिसला की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फाइल कपाटात जाते. बहुतेक वेळा यात काही चुकत नाही. पण हिपॅटायटिस बी या रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीच्या बाबतीत, थोड्या लोकांसाठी गोष्ट त्या शब्दावर संपत नाही. नेहमीची तपासणी निगेटिव्ह असते आणि तरीही विषाणू लिव्हरच्या पेशींमध्ये दडून राहिलेला असतो. याला ऑकल्ट म्हणजे छुपा हिपॅटायटिस बी म्हणतात.

हा विषय नुसता सांगितला तर अवघड वाटतो. म्हणून एका माणसाच्या आयुष्यातून तो समजून घेऊ. नाव तुम्ही नक्की ऐकलेलं आहे, कारण मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे: डॉ. वाल्देमार हाफकिन. आपल्या मावळाशीही त्यांचा संबंध आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी त्यांची प्लेगची लस लोणावळ्यातल्या लोकांना टोचली गेली होती.

आधीच स्पष्ट करतो, हाफकिन यांनी हिपॅटायटिस बीवर काम केलेलं नाही. हा विषाणू ओळखला गेला तो १९६० च्या दशकात. तोपर्यंत त्यांना जाऊन तीसहून अधिक वर्षं झाली होती. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट टोचणीवाटे शरीरात गेली तर काय होतं, आणि 'स्वच्छ आहे' या शिक्क्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार मोठी किंमत घेऊन आला. छुप्या हिपॅटायटिस बीमध्ये तोच प्रश्न तुमच्या-माझ्यासमोर असतो.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा इथे, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे मेचनिकॉव्ह हे त्यांचे शिक्षक. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद होती. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, काही काळ जिनिव्हात काढला आणि १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालयातलं साहाय्यकाचं काम पत्करलं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केलं.

तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा माणसाला टोचली, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांत सगळं ओसरलं. पुढच्या वर्षी ते ही लस घेऊन भारतात आले आणि दोन-अडीच वर्षं गावोगाव, छावण्यांतून, चहाच्या मळ्यांतून फिरले. मलेरियाने तब्येत ढासळली तेव्हा काही काळ युरोपला परतावं लागलं. बरे होऊन ते पुन्हा आले.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस उभी केली.

ती कशी करायचे ते थोडक्यात पाहू, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे किंवा तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतूंचे झुबके त्यांना धरून खाली लोंबत वाढतात. मग गरम करून सगळे जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं. मेलेले जंतू टोचले की शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि पुढे खरे जंतू आले तर त्यांच्याशी लढतं. लस म्हणजे मुळात हीच कल्पना. या लसीत माणसाचं रक्त किंवा रक्तातला पिवळा द्रव, म्हणजे सीरम, नव्हता. हे लक्षात असू द्या.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना ३० जानेवारीला लस दिली गेली. टोचणीनंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ जण आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

लोणावळा, १८९७

त्याच वर्षी प्लेग लोणावळ्यात पोहोचला. मुंबई-पुणे लोहमार्गावरचं, बोरघाटाच्या माथ्यावरचं हे रेल्वेचं गाव. तो काळ कसा होता याची आठवण ठेवा. पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरत होते, लोक संतापले होते आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला होता. सरकारी सुईवर कोणाचा विश्वास बसणार? तरीही लोणावळ्यात लोकांनी लस टोचून घेतली.

हाफकिन यांनी तिथे केलेलं काम आज साधं वाटेल. त्यांनी मोजलं. एकाच वस्तीत, एकाच हवेत, एकाच साथीत लस घेतलेले किती आजारी पडले, किती गेले, आणि न घेतलेले किती. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले. लस घेतलेल्यांत प्लेगही कमी होता आणि मृत्यूही बरेच कमी होते. मुंबई, लोणावळा, दमण, पुढे बडोदा संस्थानातलं उंढेरा, हुबळी, धारवाड, सगळीकडे हीच पद्धत. आगाखानांनी स्वतः लस घेतली, आपल्या अनुयायांना घ्यायला सांगितलं आणि प्रयोगशाळेला आपला बंगलाही दिला. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

या आकड्यांकडे नीट पाहा. लस घेतलेल्यांतही काही जण आजारी पडले. ते आकडे हाफकिन यांनी झाकून ठेवले नाहीत. तुमच्या रिपोर्टकडेही याच नजरेने पाहायचं असतं. कुठलीही लस, कुठलीही तपासणी शंभर टक्के नसते. ती किती वेळा बरोबर ठरते आणि कुठे कमी पडते, हे माहीत असलं की तिचा नीट उपयोग होतो.

मुलकोवालची एक बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल नावाचं गाव, जे आज पाकिस्तानात आहे. तिथे त्या दिवशी १०७ लोकांना परळहून आलेली लस टोचली गेली. काही दिवसांत त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. उरलेल्या ८८ जणांना काही झालं नाही. १९ च्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

म्हणजे त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू होते. ते कुठे शिरले? परळला बाटली भरताना, की गावात ती उघडताना? चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस लवकर आणि जास्त तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक अ‍ॅसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता, हेही त्यांच्या विरोधात गेलं. त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. ज्या माणसाने दोन्ही लसी आधी स्वतःला टोचून घेतल्या होत्या, त्याच्यावर १९ मृत्यूंचा ठपका बसला.

काही वर्षांनी पुरावे पुन्हा तपासले गेले तेव्हा चित्र बदललं. बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. तेवढे दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते, तर तिला घाण वास सुटला असता. पण उघडताना वास आल्याची नोंद नव्हती. उलट, गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट जंतुमुक्त न करताच तो वापरला गेला, असं नोंदींत होतं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मलेरियाचा डासाशी असलेला संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात १० शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र छापून आलं. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना आरोपातून मोकळं केलं.

पाच वर्षं गेली. बाटली स्वच्छ दिसत होती, तिच्यावर शिक्का होता, आणि तरीही आत जे नको होतं ते होतं. ही गोष्ट मनात ठेवून आता रक्ताकडे वळू.

रक्तातून गेलेली कावीळ

हाफकिन शिकत होते त्याच काळात, १८८३ मध्ये, जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जहाजबांधणीच्या कामगारांना देवीची लस दिली गेली. ती माणसाच्या शरीरातून काढलेल्या लसिकेपासून बनवलेली होती. १,२८९ कामगारांपैकी १९१ जणांना पुढच्या काही महिन्यांत कावीळ झाली. टोचणीतून कावीळ पसरू शकते याची ही पहिली नीट नोंद.

१९४२ मध्ये तेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. अमेरिकी सैनिकांना पिवळ्या तापाची लस दिली गेली. ती टिकावी म्हणून तिच्यात मानवी सीरम घातलं होतं. सुमारे ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. हा हिपॅटायटिस बीच होता, हे पुढे १९८० च्या दशकात त्या सैनिकांची रक्ततपासणी करून सिद्ध झालं. सीरम देणारे लोक दिसायला धडधाकट होते. दोष लस देणाऱ्याच्या हातात नव्हता, सुईतही नव्हता. तो निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात होता.

१९६० च्या दशकात बरूच ब्लूमबर्ग यांनी या विषाणूचं एक प्रथिन रक्तात शोधून काढलं. त्याची तपासणी म्हणजेच आज तुमच्या रिपोर्टवर असणारी 'एचबीएसएजी'. या शोधामुळे रक्तपेढ्यांचं चित्र पालटलं, लस तयार झाली आणि ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. पण ही तपासणी पाहते ते विषाणूचं बाहेरचं कवच. आतला विषाणू गप्प बसला असेल आणि कवच बनवत नसेल, तर ती निगेटिव्ह येणार.

छुपा हिपॅटायटिस बी म्हणजे नेमकं काय?

हिपॅटायटिस बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरला की पेशीच्या केंद्रात आपल्या डीएनएची एक गोल, घट्ट प्रत ठेवतो. मोठेपणी संसर्ग झालेल्या बहुतेक लोकांचं शरीर सहा महिन्यांत विषाणूवर मात करतं. कावीळ उतरते, एचबीएसएजी निगेटिव्ह होतं, आपण बरे झालो म्हणतो. बरे झालेलो असतोच. पण ती गोल प्रत काही पेशींत राहू शकते. आपली प्रतिकारशक्ती तिच्यावर पहारा ठेवते, म्हणून ती गप्प असते.

एचबीएसएजी निगेटिव्ह, पण लिव्हरमध्ये किंवा रक्तात विषाणूचा डीएनए सापडतो, अशी स्थिती म्हणजे छुपा हिपॅटायटिस बी. रक्तात सापडला तरी तो अगदी कमी असतो, बहुधा एका मिलिलिटरमध्ये २०० युनिटपेक्षा कमी, आणि कधी सापडतो, कधी नाही. अशा बहुतेकांच्या रक्तात 'अँटी-एचबीसी' नावाची जुनी खूण असते. विषाणू कधीतरी येऊन गेला, हे ती खूण सांगते. थोड्यांमध्ये तीही नसते.

लस घेतल्याने अँटी-एचबीसी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. ते फक्त खऱ्या संसर्गाने होतं. लस घेतल्यावर 'अँटी-एचबीएस' ही वेगळी खूण तयार होते.

त्याने बिघडतं काय?

बहुतेक लोकांचं काहीच बिघडत नाही. पण चार ठिकाणी या छुप्या पाहुण्याला महत्त्व येतं.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: पहारा उठला तर. कॅन्सरची केमोथेरपी, लिम्फोमासाठी किंवा काही संधिवातांसाठी दिलं जाणारं रिटुक्सिमॅब, बोन मॅरो किंवा किडनी ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, जास्त डोसमध्ये आठवडेच्या आठवडे घेतलेली स्टिरॉइड्स ही सगळी प्रतिकारशक्ती दाबतात. मग गप्प बसलेला विषाणू जागा होतो आणि वेगाने वाढतो. उपचार संपून प्रतिकारशक्ती परत आली की ती भरलेल्या लिव्हरवर तुटून पडते. कॅन्सर आटोक्यात आलेला असतो आणि पेशंट काविळीने गंभीर होतो, कधी जातोही. हे उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात याबद्दलचा इशारा ठळक केला तो याचसाठी. २०१६ मध्ये हिपॅटायटिस सीवरच्या गोळ्यांबद्दलही तसाच इशारा आला.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, हे बहुतेक वेळा टाळता येतं. आधी माहीत असेल तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी उपचाराआधी सुरू करून विषाणूला दाबून ठेवता येतं. कमी धोक्याच्या औषधांत गोळी न देता ठरावीक काळाने रक्त तपासत राहिलं तरी चालतं. गोळी सुरू झाली असेल तर मूळ उपचार संपल्यानंतरही निदान वर्षभर, आणि रिटुक्सिमॅबनंतर त्याहून जास्त काळ चालू ठेवतात. केमो संपली म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका.

दुसरं, रक्तदान. आपल्याकडे प्रत्येक रक्तपिशवीची हिपॅटायटिस बीसाठी तपासणी सक्तीची आहे, आणि ती एचबीएसएजीची असते. काही रक्तपेढ्या त्याच्या जोडीला 'नॅट' ही डीएनए शोधणारी तपासणीही करतात. त्यामुळे रक्त खूप जास्त सुरक्षित होतं, तरी अतिशय थोडा विषाणू तिच्याही हातून निसटू शकतो. म्हणून शिबिरातल्या फॉर्मवरचे प्रश्न महत्त्वाचे. मावळात शिवजयंतीला, गणपतीत गावोगावी शिबिरं होतात, तरुण मुलं हौसेने रक्त देतात. कधी हिपॅटायटिस बी झाला असेल, किंवा कोणती होती हे माहीत नसलेली कावीळ झाली असेल, तर ते लपवू नका. नाव मागे घेण्यात काही कमीपणा नाही.

तिसरं, अवयवदान. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह माणसाचं लिव्हर दुसऱ्याला बसवलं तर विषाणूही सोबत जातो. योग्य औषधं देऊन असं लिव्हर वापरता येतं, फक्त आधी माहिती हवी.

चौथं, आधीच आजारी असलेलं लिव्हर. हिपॅटायटिस सी, दारू किंवा फॅटी लिव्हरमुळे लिव्हर खराब झालेलं असेल, तर छुप्या हिपॅटायटिस बीची त्यात भर पडून सिरॉसिस आणि लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो असं बऱ्याच अभ्यासांतून दिसतं. सिरॉसिसचं कारण सापडत नसेल तर डॉक्टर याचाही शोध घेतात.

तुमचा रिपोर्ट कसा वाचायचा?

तीन नावं एकत्र पाहा: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (टोटल) आणि अँटी-एचबीएस.

- तिन्ही निगेटिव्ह: संसर्ग झालेला नाही, संरक्षणही नाही. लस घ्या.
- फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: लसीमुळे संरक्षण मिळालं आहे.
- अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह: जुना संसर्ग येऊन गेला. रोजच्या आयुष्यात चिंता नाही, पण वर सांगितलेल्या उपचारांआधी डॉक्टरांना सांगायचं.
- फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह: डॉक्टर एचबीव्ही डीएनए तपासायचा की नाही ते ठरवतील.
- एचबीएसएजी पॉझिटिव्ह: संसर्ग आत्ता चालू आहे. हा छुपा प्रकार नाही, याचे उपचार आणि तपासण्या वेगळ्या.

ही सगळी तपासणी प्रत्येकाने उठून करायची गरज नाही. ती करायची केमोथेरपी, रिटुक्सिमॅब किंवा तसली बायोलॉजिकल इंजेक्शन्स, ट्रान्सप्लांट, दीर्घकाळ जास्त स्टिरॉइड किंवा हिपॅटायटिस सीचे उपचार सुरू होण्याआधी. डायलिसिसवर असलेल्यांनी आणि एचआयव्ही असलेल्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मावळातले बरेच पेशंट केमोसाठी पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला जातात आणि जुनी फाइल घरी राहते. तुम्ही जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक म्हणजे जुने रिपोर्ट. आणि दुसरी, घरातल्या मोठ्यांना विचारून मिळवलेली माहिती: लहानपणी किंवा तरुणपणी कावीळ झाली होती का? तेव्हा कोणी पाला दिला असेल, गळ्यात माळ घातली असेल, कावीळ 'उतरवली' असेल. ती कोणती कावीळ होती हे तेव्हा तपासलंच गेलं नसेल. मग ओपीडीत एकच प्रश्न विचारा: उपचार सुरू करण्याआधी माझी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, दोन्ही तपासण्या झाल्या आहेत का?

घाबरायचं किती?

फार नाही. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, पाण्याच्या तांब्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आलं म्हणून कोणाचं लग्न मोडायचं नाही, कोणाला वेगळं ठेवायचं नाही, तेल-तूप बंद करायचं नाही. दारू मात्र बंद करा, आणि सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. त्यात स्टिरॉइड असू शकतं.

काळजी घ्यायची ती सुईची. हाफकिन यांच्या काळी एकदा वापरून फेकायच्या सुया नव्हत्या. आज आहेत, आणि तरीही २००९ मध्ये गुजरातमध्ये मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक जीव गेले. सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घेताना, दाढी करून घेताना सुई आणि ब्लेड नवं आहे ना, ते पाहा. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळाली की नाही, ते कार्डावर तपासा. पुढचे डोस पेंटाव्हॅलंट लसीतून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मोठ्यांनाही तीन डोस घेता येतात. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत.

हाफकिन यांचं पुढे काय झालं?

आरोपातून सुटल्यावर ते भारतात परतले, पण मुंबईला नाही, कोलकात्याला. पहिल्यासारखं मोठं काम पुन्हा त्यांच्या हाती आलं नाही. निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

त्यांची लस लाखोंनी घेतली आणि लाखोंचे प्राण वाचले. मुलकोवालच्या १९ जणांचे वाचू शकले नाहीत, कारण जी एक गोष्ट त्या क्षणी पाहायला हवी होती ती कोणी पाहिली नाही. छुप्या हिपॅटायटिस बीमध्ये ती एक गोष्ट म्हणजे अँटी-एचबीसीची साधी रक्ततपासणी. तुमच्या घरात कोणाची केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू होणार असतील, तर पहिल्या सलाइनआधी ती झाली आहे ना, एवढं विचारून घ्या.